शास्त्रीला ‘हाय हाय’ म्हणणाऱ्यांत मीही होतो

मंडळी, परवा १० जानेवारीला आपल्या ग्रुपवर कोणीतरी रवी शास्त्रीच्या सहा सिक्सरची आठवण टाकली. वानखेडेवर १९८५ साली याच तारखेला बडोद्याच्या तिलकराजला एका ओव्हरमध्ये सहा सिक्सर, आणि ११३ मिनिटांत डबल सेंच्युरी. खाली पन्नासेक कॉमेंटा आल्या. बहुतेकांचा सूर असा की एवढा एक दिवस सोडला तर बाकी कासवच होता. एकानं लिहिलं, "कोच म्हणून ठीक, बोलायला जोरात, खेळायला झोप." आणि दुसऱ्यानं शेवटी टाकलं, "गुडघ्याचं निमित्त होतं हो, टीममधून काढलंच होतं त्याला."

ही शेवटची कॉमेंट वाचली तेव्हा मी दादाच्या खाटेशी बसलो होतो. महिन्यापूर्वी त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं नागपूरला. आता घरी आहे, वॉकर घेऊन ओसरीतून न्हाणीपर्यंत जातो, परत येतो. त्याला मी कॉमेंट वाचून दाखवली नाही. पण उत्तर द्यायचं ठरवलं, ते हे. लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी आपला गुन्हा कबूल करतो. १९८५ ते ९२ या काळात आदिलाबादेत ज्या पोरांनी शास्त्रीला शिव्या घातल्या त्यांत मी पुढं होतो. आठवत असेल तुम्हाला, तेव्हा गल्लीत दोन-तीन घरीच टीव्ही. आपल्या मराठी पोरांची निष्ठा मुंबईशी, मॅच नागपूरला असो की कोलकात्याला. तेलुगू आणि उर्दू बोलणारे दोस्त अझहरवर जीव टाकायचे. १९८६-८७ ला हैदराबादनं रणजी जिंकली तेव्हा तर त्यांनी आपलं जिणं मुश्किल करून टाकलं होतं. पण शास्त्रीच्या बाबतीत सगळी भांडणं मिटायची. तो बॅटिंगला आला की मराठी, तेलुगू, उर्दू, सगळे एका सुरात, "शास्त्री हाय हाय!" देशभर हेच चालायचं, आपण काही वेगळे नव्हतो.

१९८७ च्या वर्ल्ड कपला आपल्यातले बरेच जण बस करून नागपूरला गेले होते. ३१ ऑक्टोबर, न्यूझीलंडशी मॅच. पैनगंगेचा पूल, पांढरकवडा, हिंगणघाट, रात्रभर धक्के खात. चेतन शर्माची हॅटट्रिक आणि गावसकरची वनडेतली एकुलती एक सेंच्युरी एकाच दिवशी पाहिली आम्ही, आजही सांगताना अंगावर काटा येतो. पण त्या दिवशी शास्त्रीनं गुपचूप आपल्या ओव्हरी टाकल्या, न्यूझीलंडवाल्यांना मोकळं होऊ दिलं नाही, हे मला दादानं परतीच्या बसमध्ये सांगितलं. मी म्हटलं, "त्यात काय?" तो म्हणाला, "तुले नाही समजणार. तू टाकून पाह्य एकदा."

दादा स्वतः डावखुरा स्पिनर. उंच, सडपातळ. बॅटिंगला पाचवा-सहावा यायचा आणि चिकटून बसायचा. आपल्या टीममध्ये फटकेबाज दोघं होते, त्यांची नावं आजही गावात निघतात. दादाचं नाव निघत नाही. तो एका बाजूनं ओव्हर टाकत राहायचा, ओपनर आला नाही तर पॅड बांधायचा, कीपरचं बोट दुखावलं तर ग्लोव्हज घालायचा. शास्त्री त्याचा देव होता. देवाला शिव्या घालणारा भाऊ घरात, म्हणून रोज भांडण.

शास्त्रीची सुरुवात आठवून पाहा. फेब्रुवारी १९८१. दिलीप दोशी न्यूझीलंडला जायबंदी झाला म्हणून १८ वर्षांच्या या पोराला तातडीनं बोलावलं. कानपूरला रणजी खेळत होता. विमानं बदलत बदलत वेलिंग्टनला पोचला आणि लगेच टेस्टला उतरला. दोन डावांत तीन-तीन विकेटा. बॅटिंगला दहावा. तिथून वर सरकत सरकत तो सलामीला आला, कराचीत पाकिस्तानविरुद्ध सलामीला येऊन शतक ठोकलं. वेस्ट इंडीजच्या त्या भयंकर बॉलिंगसमोर त्यांच्याच देशात दोन शतकं, एक अँटिग्वाला, एक बार्बाडोसला. टॅलेंट म्हणाल तर अझहरच्या मनगटाच्या दहावा हिस्साही नव्हतं, हे त्याचे चाहतेही मान्य करतील. तो चपाती शॉट, पायावरचा बॉल उलथण्यानं पोळी पलटावी तसा पलटवायचा, तेवढाच काय तो शोभेचा. बाकी सगळं मेहनतीवर.

कप्तानी एकदाच मिळाली टेस्टची, १९८८ च्या जानेवारीत मद्रासला. तीही वेंगसरकर जखमी झाला म्हणून. ती मॅच आपल्याला हिरवाणीच्या १६ विकेटांसाठी आठवते. कप्तान कोण होता, हे क्विझमध्ये विचारतात.

१९८५ ची ऑस्ट्रेलियातली स्पर्धा मात्र सगळ्यांना आठवते, ऑडी गाडीमुळं. फायनलला पाकिस्तानविरुद्ध नाबाद ६३, आणि स्पर्धेत चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स. ती गाडी मैदानात फिरली, टीम बॉनेटवर, टपावर चढलेली. आपल्या गावात तेव्हा अँबेसिडर आणि जीप सोडून तिसरी गाडी दिसायची नाही. महिनाभर कौतुक झालं आणि पुढच्या सीझनला पुन्हा हाय हाय.

आता गुडघ्याकडे येतो.

सिडनी टेस्ट, २ जानेवारी १९९२ पासून. आपल्याकडे सकाळी साडेपाचला खेळ सुरू व्हायचा. आदिलाबादची जानेवारीतली पहाट कशी असते ते आपल्याला सांगायला नको, हैदराबादवाले ज्याला थंडी म्हणतात ते आपल्याकडचं ऊन. दादा रेडिओ गोधडीत घेऊन बसायचा. तोवर त्याचा स्वतःचा खेळ संपून दोन वर्षं झाली होती.

१९८९ च्या हिवाळ्यात एका मॅचमध्ये मॅट सरकली. बॉल टाकताना पुढचा पाय मॅटच्या घडीत अडकला, अंग वळलं, गुडघा वळला नाही. कट्टकन आवाज आला, तो मिडऑफला उभ्या माझ्यापर्यंत ऐकू आला. आम्ही त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवून घरी आणलं. मग जे तेव्हा सगळ्यांच्या घरी व्हायचं तेच झालं. लेप, शेक, हाड बसवणाऱ्याकडे दोन चकरा. सूज उतरली की दादा मैदानात जायचा आणि दुसऱ्या ओव्हरला खाली बसायचा. पाच महिन्यांनी नागपूरला दाखवलं तेव्हा समजलं की गुडघ्यातली गादी फाटलीय. ऑपरेशनचा खर्च ऐकून बाबा गप्प झाले. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, दुकानाची उधारी सुटत नव्हती. दादा म्हणाला, "राहू द्या. चालता तर येते ना." तो २४ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशीपासून दुकानाच्या काउंटरवर उभा राहिला, तो पस्तीस वर्षं तसाच, डाव्या पायावर भार देऊन.

म्हणून सिडनीच्या त्या पहाटा मला विसरता येत नाहीत. शास्त्री खेळत राहिला, खेळतच राहिला. नऊ तासांहून जास्त. समोर अठरा वर्षांचा सचिन, त्याच्या १४८. दोघांची १९६ ची भागीदारी. शास्त्री २०६. ऑस्ट्रेलियात डबल सेंच्युरी मारणारा पहिला भारतीय. पहिलीच टेस्ट खेळणाऱ्या शेन वॉर्नला दीडशे रन देऊन एकच विकेट मिळाली, ती शास्त्रीची, पण तोवर काम झालं होतं. मग शेवटच्या दिवशी बॉलिंगला येऊन ४ विकेटा, मॅच जवळजवळ ओढून आणली होती. ऑस्ट्रेलिया आठ बाद, कशीबशी वाचली. ऑलराउंडर या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगायचा असेल तर ती एक टेस्ट पुरेशी आहे. आणि त्यानंतर गुडघ्यानं साथ सोडली. मालिकेतल्या पुढच्या दोन्ही टेस्ट तो खेळला नाही.

वर्ल्ड कपला दोनच मॅच मिळाल्या. पर्थला इंग्लंडशी ११२ बॉलमध्ये ५७, आपण ९ रननी हरलो. ब्रिस्बेनला पुन्हा तसंच रांगत खेळला, एका रननं हरलो. तेव्हा मी इतका ओरडलो होतो की दादानं रेडिओ बंद करून उचलून आत नेला. संथपणाचा दोष गुडघ्यावर ढकलायचा नाही मला. संथ तो आधीपासूनच होता, आणि वनडेत त्यानं काही मॅचमध्ये आपल्याला खरंच छळलं. चाहत्यांनी हे नाकारून उपयोग नाही. डिसेंबर १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला शेवटची टेस्ट खेळला. वय ३०. ८० टेस्ट, ३८३० रन, ११ शतकं, १५१ विकेटा.

म्हणजे त्या कॉमेंटवाल्याचं अर्धं खरं आहे. टीममधली जागा गेली होती. पण अर्धंच. कारण १९९३-९४ च्या सीझनला त्यानं मुंबईची कप्तानी घेतली. मुंबईला नऊ वर्षं रणजी मिळाली नव्हती. याआधीची जिंकली होती तेव्हाही फायनलच्या शेवटच्या डावात दिल्लीच्या ८ विकेटा यानंच काढल्या होत्या. आता पोरांची टीम घेऊन, तो गुडघा घेऊन, तो उतरला आणि वानखेडेवर बंगालला हरवून करंडक परत आणला. आणि मग थांबला. ३२ पूर्ण व्हायच्या आसपास. ज्या वयात ऑलराउंडरला बॉलिंग नुसती टाकता येत नाही, कळायला लागते, त्या वयात.

निमित्त शोधणारा माणूस शेवटचा सीझन रणजी खेळायला जात नाही, एवढंच मला त्या कॉमेंटवाल्याला सांगायचंय. निमित्तच हवं होतं तर ते जानेवारी १९९२ मध्ये हाताशी होतं, डबल सेंच्युरीवर, टाळ्यांमध्ये.

आणि आपल्याला, म्हणजे हाय हायवाल्यांना, जे सांगायचंय ते जरा अवघड आहे. फटकेबाज गेला की दुसऱ्या दिवशी कळतं, कारण फटके दिसत नाहीत. असा माणूस गेला की कळतच नाही, नुसत्या भोकाच्या जागा दिसायला लागतात. शास्त्रीनंतर सलामीला कितीजण आले आणि गेले ते मोजा. मनोज प्रभाकरला नवा बॉलही टाकायला लावला आणि पहिल्यांदा बॅटिंगलाही पाठवलं. डावखुऱ्या स्पिनचं काम आपल्या हैदराबादच्या व्यंकटपती राजूनं छान सांभाळलं, पण त्याच्याकडून कोणी सलामीची अपेक्षा धरली नाही. एक माणूस गेला की तीन जागा भरायला लागतात. आपल्या घरांमध्येही असे असतात. बँकेचं काम, लग्नातला मांडव, म्हाताऱ्यांचा दवाखाना, सगळं ज्यांच्याकडं असतं आणि ज्यांना आपण ‘हळू’ म्हणतो.

दादा बसल्यावर आमच्या टीमचं काय झालं? त्या वर्षी चार मॅच हरलो. मी कप्तानाला म्हटलं, नशीब खराब आहे. तो माझ्याकडं बघत राहिला. "नशीब नाही बे," म्हणाला, "तुझा भाऊ नाही."

शास्त्रीचं बरं झालं, हेही खरं. वर्षभरात तो माईक घेऊन बसला. २००७ ला युवराजनं डरबनला सहा सिक्सर मारले तेव्हा कॉमेंट्रीला कोण होता, २०११ ला धोनीच्या शेवटच्या सिक्सरला कोणाचा आवाज होता, सगळ्यांना माहीत आहे. मग कोच झाला, टीमनं ऑस्ट्रेलियात दोनदा मालिका जिंकली. ज्या देशात त्याचा गुडघा गेला त्याच देशात. ज्यांनी हाय हाय केलं त्यांनीच त्याच्या डायलॉगची मीम्स केली. दादाच्या वाट्याला माईक नव्हता. तो रविवारी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून स्कोअर लिहायचा, अंपायरिंग करायचा, पोरांना ग्रिप दाखवायचा. मॅट आता पोरं चारी बाजूंनी खिळे ठोकून ताणतात, ती सवय त्यानं लावलीय. प्रत्येक मॅचआधी वाकून, पाय लांब करून, स्वतः तपासायचा.

काल रात्री शेवटी त्याला ग्रुप वाचून दाखवला. सगळ्या कॉमेंटा. ‘निमित्त’वालीसुद्धा. मला वाटलं चिडेल. वहिनी चहा घेऊन आल्या, त्याही थांबल्या ऐकायला. दादानं एका कॉमेंटवर मला थांबवलं.

"हा काय लिहून राहिला? सिडनीत दोनशे पाच?"

"हो, असंच लिहिलंय."

"त्याले सांग, दोनशे सहा. एक रन काहून खाऊन राहिला बिचाऱ्याचा?"

सांगितलं, भाऊ. दोनशे सहा. दुरुस्त करून घ्या.