गूगलनं कोणाचं घोडं मारलंय?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३ ऑक्टोबर २०२५ला, रात्री साडेदहाला मामाचा फोन. "अरे, गूगलनं मारलं आपल्याला!"

मामाचं दापोलीजवळच्या मुरुडला सहा खोल्यांचं होमस्टे आहे. मे, दिवाळी आणि नाताळ, कमाई काय ती एवढीच. बुकिंगच्या मोठ्या साइट्स कमिशन कापतात, त्यामुळे स्वतःच्या वेबसाइटवरून आलेलं गिऱ्हाईक म्हणजे मामाला जावयासारखं. आणि दिवाळी अडीच आठवड्यांवर आली तरी चार खोल्या रिकाम्या. वेबसाइट करून देणाऱ्यानं निदान आधीच केलं होतं: "गूगलचा अल्गोरिदम बदललाय." औषधही तयार होतं, २५ हजारांचं 'लिंक बिल्डिंग पॅकेज'. मामा पैसे भरायच्याच बेतात होता. म्हटलं, मामा, सोमवारपर्यंत थांब.

आता अल्गोरिदम बदलतच नाही असं नाही. २०११ साली पांडा आला तेव्हा मी शाळेत होतो. पुढं २०१२चा पेंग्विन, मग सप्टेंबर २०२३चा 'हेल्पफुल कंटेंट'... भल्याभल्या साइट्स झोपल्या यात. गंमत म्हणजे पेंग्विन आला तो विकतच्या लिंका लावणाऱ्यांना धरायलाच. म्हणजे ज्यानं रोग होतो तेच औषध मामाला २५ हजारांना मिळत होतं! पण माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. ट्रॅफिक पडलं की आपण पहिला संशय गूगलवर घेतो, आणि तो सगळ्यात शेवटी घ्यायला हवा. ऑफिसात प्रॉडक्शन बसलं की पहिला प्रश्न काय असतो? शेवटचं डिप्लॉयमेंट कधी झालं? (आणि उत्तर ठरलेलं: "मी काहीच बदललं नाही.")

शनिवारी सकाळी चहा घेऊन सर्च कन्सोल उघडलं. इंप्रेशन्सचा आलेख सप्टेंबरच्या मध्यावर कड्यावरून पडल्यासारखा खाली. मामाला हाच आलेख दाखवून घाबरवलं होतं. पण हे पडणं खोटं होतं. त्याच सुमारास गूगलनं एका पानावर एकदम शंभर निकाल मागवायची सोय बंद केली. ती मुख्यतः वापरायची क्रमांक मोजणारी यंत्रं. त्यांनी पान मागवलं की नव्वदाव्या नंबरावरच्या साइटलाही फुकटचं इंप्रेशन मिळायचं. यंत्रं गेली, आकडा पडला. अशा वेळी सरासरी क्रमांक उलट सुधारलेला दिसतो, आणि मामाचा तसा दिसतही होता. मीटर बदललं होतं, वीज गेली नव्हती.

क्लिक्स मात्र खरंच कमी झाले होते, तेही ऑगस्टच्या शेवटापासून. किती कमी, हे बघताना मी स्वतःच गंडलो. गेल्या वर्षीच्या त्याच तारखा लावल्या, घट पाव भाग आली. मग ट्यूब पेटली: २०२४ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, या वेळी २१ ऑक्टोबरला. कोकणातलं बुकिंग इंग्रजी कॅलेंडर बघून होत नाही हो! लक्ष्मीपूजनापासून उलटे दिवस मोजून तुलना केली, तर घट निम्मी निघाली. म्हणजे एक आलेख उगाच घाबरवत होता आणि दुसरा उगाच धीर देत होता.

ऑगस्टच्या शेवटी काय झालं? फोन केला. "काही नाही रे," मामा म्हणाला, "साइट जरा नवी केली. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं ना, तेव्हा उरकून घेतलं."

हं. सापडलं डिप्लॉयमेंट.

नवी साइट दिसायला झकास. पहिल्या पानावर ड्रोननं काढलेला समुद्र, टायटल 'निसर्गाच्या कुशीत'. जुनं टायटल होतं 'मुरुड (दापोली) होमस्टे'. आता मुरुड दोन आहेत. एक आमचं, महर्षी कर्व्यांचं, आणि दुसरं जंजिऱ्याचं. त्या जुन्या कंसानं एवढी वर्षं इमानेइतबारे काम केलं होतं. तो गेल्यावर आमच्या साइटवर 'मुरुड बीच' शोधणारे जे थोडेफार येत होते, त्यातल्या बऱ्याच जणांना जंजिरा बघायचा होता.

सगळ्यात वाईट म्हणजे मामानं स्वतः लिहिलेलं 'मुरुडला कसं यावं' हे पान उडवलं होतं. खेड स्टेशनवर उतरून दापोलीची एसटी कशी धरायची, रात्री उशिरा उतरलात तर काय करायचं, घाटात कुणाला गाडी लागत असेल तर कुठल्या रस्त्यानं यायचं... डिझायनरला ते 'फार टेक्स्ट' वाटलं. साइटवरचे सगळ्यात जास्त क्लिक्स त्याच पानाचे होते. वर जुने सगळे पत्ते सरसकट होमपेजवर वळवलेले. याला गूगल 'सॉफ्ट ४०४' म्हणतं: पान नाही हे सरळ सांगायचं सोडून पाहुण्याला ओसरीवर बसवून ठेवणं.

दुरुस्ती रविवारी दुपारपर्यंत झाली. मामानं पान परत लिहायची तयारी दाखवली होती, पण वेबॅक मशीनवर जुनी प्रत मिळाली. प्रत्येक जुन्या पत्त्याला त्याच्याच नव्या पानाकडे ३०१ रिडायरेक्ट, एकूण बावीस ओळी. टायटलमध्ये कंस परत आला. साइटमॅप पुन्हा दिला, आणि मामाला बजावलं की आता महिनाभर कशालाही हात लावायचा नाही. रोज नवा उतारा केला तर कशानं गुण आला ते कसं कळणार? हे वाट बघणं फार कठीण जातं, विशेषतः रोज रात्री फोन करणारा मामा असेल तर.

दिवाळी गेलीच. ती मी आणू शकलो नाही आणि तशी थापही मारली नाही. नोव्हेंबरअखेर क्लिक्स बरेचसे परत आले, नाताळात सहापैकी पाच खोल्या भरल्या. पूर्वीइतके काही झाले नाहीत. 'खेड ते दापोली किती किलोमीटर' असल्या प्रश्नांना ऑगस्ट २०२४पासून भारतातही गूगल वरच्या वर एआयचं उत्तर देऊन टाकतं, कशाला कोण क्लिक करेल? ते क्लिक्स परत आणायच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. किलोमीटर विचारणारा खोली घेतोच असं नाही.

म्हणून मामानं आता फोनशेजारी वही ठेवलीय. तारीख, नाव, 'कुठून कळलं' आणि 'आले का' असे चार रकाने. परवा तिचा फोटो पाठवला. वेबसाइटवरून नऊ फोन, सहा आले. सातव्याच्या पुढं मामाच्या अक्षरात लिहिलंय: "गच्चीवरून जंजिरा दिसतो का विचारत होता. नाही म्हटलं."