शेवटच्या पावतीचें महत्त्व

कापूस गाडींत भरला म्हणजे विकला, असें वऱ्हाडांतील कोणताहि शेतकरी मानीत नाहीं. अकोल्याच्या बाजारांत काट्यावर वजन होऊन पावती हातीं पडेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसतो. आपल्या घरांतील मुलें संगणकासाठीं आज्ञावली लिहितात, त्यांनींहि हीच दक्षता बाळगावी.

आज्ञावलीनें लिहिलेला मजकूर लागलीच तबकडीवर उतरत नाहीं. तो प्रथम स्मृतींतील तात्पुरत्या साठ्यांत जमतो. तबकडी भरलेली असली तरी लेखन सफल झालेंसें भासतें, व खरी अडचण साठा रिता होतांना, बहुधा अगदीं अखेरीस, उघड होते. ती न पाहतां आज्ञावली यशाचें शून्य देऊन निघून गेली, आणि त्या भरंवशावर कोणीं मूळ हिशेब पुसले, तर वर्षाची मेहनत बुडालीच म्हणावयाची!

लिनक्समध्यें या परीक्षेसाठीं '/डेव्ह/फुल' नांवाचें कृत्रिम साधन आहे; त्यांत लिहूं जातां 'जागा नाहीं' हेंच उत्तर मिळतें. सी भाषेंतील पहिल्या धड्याची आज्ञावली त्यावर सोडल्यास ती बिनदिक्कत यश कळविते. पायथॉन मात्र ३.६ या आवृत्तीपासून अशा वेळीं १२० हा अंक देतें.

तात्पर्य, निघण्यापूर्वीं साठा रिता करावा, उत्तर तपासावें, दोष आढळल्यास तो दोषांच्या निराळ्या वाटेनें कळवावा व शून्य सोडून अन्य अंक द्यावा. मीमांसक उपक्रमाइतकाच उपसंहारहि पाहतात. तीच दृष्टि येथें हवी.