वेताळाला हसू नका

परवा रात्री आलापल्लीत वीज गेली. मोबाइलमध्ये 'विक्रम और बेताल'चा एक भाग डाउनलोड केलेला होता, तो धाकट्या बहिणीला लावून दिला. रामानंद सागर यांची दूरदर्शनवरची १९८५ची मालिका. अरुण गोविल राजा, सज्जन वेताळ.

या वेताळाचे मीम तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. पांढरे केस, ते हसणं, ते हवेत उडणं. आपल्याला मजा वाटते. बहीण मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "दादा, राजा बोललाच नाही तर?"

हाच खरा प्रश्न आहे. उत्तर माहीत असून गप्प बसलास, तर डोक्याची शकलं होतील. बोललास, तर वेताळ परत झाडावर आणि सगळी पायपीट पहिल्यापासून. मुलांच्या मालिकेत एवढी भीषण अट!

मित्र म्हणतो, "असलं मुलांना दाखवू नये, घाबरतात." अरे, जंगलाच्या कडेला वाढणाऱ्या पोरांना भीती काय नवीन आहे? संध्याकाळ झाली की वाघाच्या धाकानं त्यांना घरात घेतात. त्याहून मोठी भीती माणसांची. माओवादी आणि पोलीस यांच्यामध्ये सापडलेल्या या जिल्ह्यात घराघरांत एकच शिकवण होती : काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. मीही तेच शिकलो. त्या गप्प बसण्यानं जीव वाचले, हे मान्य. पण आता साध्या ग्रामसभेतही आमची तोंडं उघडत नाहीत, त्याचं काय?

ब्रिटनमध्ये १९७७ साली 'चिल्ड्रन ऑफ द स्टोन्स' नावाची मुलांची मालिका आली. प्राचीन शिळांच्या वर्तुळातलं गाव. तिथं सगळे आनंदी, आणि म्हणूनच भयानक. बीबीसी रेडिओनं २०१२मध्ये तिच्यावर माहितीपट केला. ते आपली भीती पुन्हा तपासतात, आपण आपल्या भीतीचे स्टिकर बनवतो.

वेताळपंचविशीच्या शेवटच्या कथेत राजाला उत्तर खरंच सुचत नाही. तो गप्प राहतो आणि ते मौन त्याला माफ असतं. मग वेताळच त्याला सावध करतो : ज्याच्यासाठी तू मला वाहून नेतोयस, तो साधूच तुझा बळी देणार आहे. घाबरवणारा वाचवतो, गोड बोलणाऱ्यापासून धोका असतो. मुलांना याहून उपयोगाचं दुसरं काय शिकवणार?

माहीत नाही म्हणून गप्प बसणं वेगळं, माहीत असून गप्प बसणं वेगळं. बहिणीला हा फरक कळावा, म्हणून उद्या पुढचा भाग लावणार आहे. घाबरली तर घाबरू दे. मी शेजारी बसेन.