सोबत्याला निरोप देताना



पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मध्ये खुटबाव हे लहानसे स्टेशन आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या धडधडत निघून जातात, गावकऱ्यांसाठी थांबते ती शटल. तिच्या भरवशावर कोणी हडपसरला, कोणी पुण्याला, तर कोणी दौंडला कामाला जातो. डबा, पाण्याची बाटली आणि पास एवढ्यावर माणसाची तीस-तीस वर्षे या गाडीत निघून जातात. मग एक दिवस तो गाडीला येत नाही. नोकरी संपलेली असते.

३१ मे २०२२ रोजी संध्याकाळी आम्ही या गावी एका घरी गेलो होतो. घरधनी रेल्वेत ट्रॅकमन होते. पूर्वी गँगमन म्हणत, तेच हे काम. त्यांना सगळेजण मामा म्हणत. त्या दिवशी मामा निवृत्त झाले.

३१ मे ही तारीख आपल्या घरांतून अनेकांच्या ओळखीची आहे. आपल्या आईबापांना मुलाची जन्मतारीख सांगता येत नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी आपल्या मनाने १ जून लिहून टाकीत. सरकारी नियम असा की, माणूस ज्या महिन्यात वयाची मर्यादा गाठतो त्या महिन्याच्या अखेरीस तो निवृत्त होतो, पण जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून १ जूनवाले सारे ३१ मे रोजी घरी बसतात. मामांची आई सांगे, "पानशेत फुटलं तवा तू पोटात हुतास." पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी. कागदावर मात्र १ जून १९६२. म्हणजे मामा खरे साठीच्या पुढेच गेलेले. गुरुजींच्या लेखणीने त्यांना चार-सहा महिन्यांची नोकरी जास्त दिली, असे ते हसत सांगत.

दुपारी कचेरीत हार झाला, कागद मिळाले. संध्याकाळी गँगमधले सोबती घरी आले. अंगणात सतरंजी अंथरली होती, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, आत चुलीवर रस्सा शिजत होता. एकेकजण बोलायला उठला. पहिला म्हणाला, मामा मनमिळाऊ होते. दुसरा म्हणाला, कष्टाळू होते. तिसरा म्हणाला, सदा हसतमुख होते. मामा मान खाली घालून ऐकत होते. खरे सांगायचे तर आम्हीही अशी भाषणे पुष्कळ ऐकली आहेत आणि केलीही आहेत. जो जातो तो मनमिळाऊच असतो. नाव बदलले की तेच भाषण दुसऱ्याला चालते.

मग एक पोरगा उठला. भरती होऊन त्याला दोन वर्षे झाली असतील. त्याला बोलता येईना. शेवटी तो एवढेच म्हणाला, "मी पहिल्या दिवशी रुळावर मोबाईल कानाला लावून चाललो होतो. मामांनी तो काढून घेतला, माझ्याच डब्याच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाले, ज्या अंगानं गाडी येती त्या अंगाला तोंड ठेव. तुझ्या आईला तू संध्याकाळी परत पाहिजेस. त्या दिवसापासून मी मोबाईल पिशवीतच ठेवतो." एवढे बोलून तो खाली बसला.

इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या मामांनी तेव्हा टॉवेल तोंडाला लावला.

थंडीत रूळ आकसतो आणि त्याला तडा जातो. उन्हाळ्यात तो पसरतो आणि वाकण्याचे भय असते. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन, आता विजेरी घेऊन, रुळाची पाहणी करावी लागते. हे काम नीट झाले म्हणून वर्तमानपत्रात कधी बातमी येत नाही, कारण ते नीट झाले की काहीच घडत नाही. अशा माणसाला निरोपाच्या दिवशी हाराची आस नसते. आपण केले ते कोणाच्या तरी ध्यानात आहे, हे त्याला ऐकायचे असते. त्या पोराने मामांना विशेषण लावले नाही. त्याने हिशेब दिला. निरोप म्हणजे काय, हे त्या अंगणात आम्हाला त्या पोराकडून कळले.

आता दुसरी हकीकत ऐका. त्याच शटलने जाणारी एक ताई. पुण्यातल्या एका कचेरीत ती अकरा वर्षे झाडलोट करीत होती. नोकरी ठेकेदाराकडची. एका महिनाअखेरीस ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने आपली माणसे आणली. त्याच आठवड्यात त्या कचेरीतल्या एका साहेबांची बदली झाली होती. त्यांना शाल दिली, जेवण झाले, फोटो काढले. त्या जेवणाच्या ताटल्या या ताईनेच घासल्या. दोन दिवसांनी तिचा शेवटचा दिवस आला. तिने कपबश्या धुऊन पालथ्या घातल्या, किल्ली पहारेकऱ्याच्या हातात दिली आणि ती संध्याकाळच्या गाडीने घरी आली. चौथ्या दिवशी कचेरीत कोणी तरी विचारले म्हणे, "मावशी दिसत नाहीत ते?"

ती आम्हाला म्हणाली, "मला हार नको होता. उद्यापासून तू नाहीस, एवढं कुणीतरी तोंडानं म्हणायला पाहिजे होतं."

त्या कचेरीत आपले लोकही होते. १४ एप्रिलला वर्गणी गोळा करणारे होते. त्यांचे मन वाईट होते असे आम्ही म्हणणार नाही. निरोप हा पदाला द्यायचा असतो, अशी सवय पडून गेलेली आहे. पद मोठे तर हार मोठा. ज्याला पद नाही त्याला निरोप नाही. ज्यांच्या आजापणजांना गावाने कधी नावाने हाक मारली नाही, त्या आपण तरी ही सवय मोडायला नको काय?

याबाबतीत बाबासाहेबांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी समारोपाचे भाषण केले. त्या भाषणातला लोकशाहीविषयीचा इशारा आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी आपल्या सोबत्यांचे ऋण कसे मानले, तेही पाहण्याजोगे आहे. आपल्याला दिले जाणारे श्रेय आपल्या एकट्याचे नाही, असे त्यांनी सांगितले. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी मसुदा समितीसाठी कच्चा मसुदा तयार केला, हे सांगितले. मसुदा समितीचे काम १४१ दिवस चालले, त्यातल्या सभासदांचा उल्लेख केला. मग एस. एन. मुखर्जी या मुख्य मसुदाकारांचे नाव घेतले आणि अवघड गोष्ट सोप्या व स्पष्ट कायदेशीर शब्दांत मांडण्याची त्यांची हातोटी सांगितली. मुखर्जींच्या हाताखालचे कर्मचारी कधी कधी मध्यरात्र उलटेपर्यंत राबले, हेही ते विसरले नाहीत. एवढेच नव्हे, तर सभागृहात ज्यांनी विरोध केला, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या आणल्या, त्या कामत, के. टी. शहा, कुंझरू अशा सभासदांचीही नावे घेऊन त्यांचे आभार मानले. कोणी काय काम केले ते नाव घेऊन सांगायचे, रात्री जागणाऱ्या कारकुनाला विसरायचे नाही आणि भांडणाऱ्यालाही त्याचे श्रेय द्यायचे. याहून चांगला धडा कोणता?

आणि हेच बाबासाहेब जेव्हा स्वतः जाऊ लागले तेव्हा काय घडले? २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. ११ ऑक्टोबरला ते संसदेत आपले निवेदन करणार होते. उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी मागितली. बाबासाहेबांना ती अट मान्य झाली नाही. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वर्तमानपत्रांना दिले. जाणाऱ्या माणसाला शेवटचे चार शब्द त्याच्या मनाप्रमाणे बोलू न देणे किती बोचते, हे यावरून समजावे. आपल्या लहानशा समारंभातही पुष्कळदा असेच होते. सगळे बोलतात, फोटो निघतात, आणि ज्याच्यासाठी जमलो त्याची पाळी येईपर्यंत लोक ताटाकडे वळलेले असतात.

तेव्हा आमच्या मनात आलेल्या काही गोष्टी येथे मांडतो.

निरोप ठरविण्याआधी जाणाऱ्याला विचारावे. कोणी आजारपणामुळे जातो, कोणाला काढलेले असते, कोणी भांडण होऊन सोडतो. त्याला गर्दी नको असेल तर दोघातिघांनी चहाला बसावे. तोही निरोपच.

बोलायला उठाल तेव्हा एकच खरी गोष्ट सांगा. त्याने तुम्हाला काय शिकविले, कोणत्या दिवशी तुमची पाळी सांभाळली, कोणत्या अडचणीत उसने दिले. बोलता येत नसेल तर वहीच्या पानावर दोन ओळी लिहून द्या. त्याच्या बोलण्याची, शरीराची, सवयींची थट्टा त्या दिवशी करू नका. लोक हसतात, पण तो ते घरी घेऊन जातो.

वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्यावी आणि कोणी किती दिले ते वाचून दाखवू नये. ज्याला आता वेळेवर कोठे जायचे नाही त्याला घड्याळ देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यापेक्षा सगळ्यांचा मिळून एक फोटो चौकटीत घालून द्या, मागे सर्वांची नावे लिहा. आणि पार्टीच्या नावाखाली बाटली आणू नका. फंडाच्या पहिल्या पैशाला पहिली वाट दारूची दाखविणारा तो सोबती नव्हे.

घरच्यांना बोलवा. चुकली गाडी की बिनपगारी, हे जाणून जी पहाटे चारला उठून भाकरी थापीत आली, तिची ती नोकरी होतीच. मामांच्या अंगणात मुकादमाने मामींना पुढे बोलावून दोन शब्द विचारले. त्या म्हणाल्या, "आता मला बी सुट्टी द्या." सगळे हसले. पण गोष्ट खरी होती.

कागदपत्रांची चौकशी करा. हा निरोपाचा फार मोठा भाग आहे. त्या ताईला भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक म्हणजे काय, हेच ठाऊक नव्हते. ठेकेदार बदलला तरी हा क्रमांक तोच राहतो आणि जुन्या ठेकेदाराने भरलेले पैसे तिचेच असतात. हिशेबखात्यातल्या एखाद्या भावाने शेवटच्या दिवशी अर्धा तास तिच्यापाशी बसून क्रमांक लिहून दिला असता, तर पुढचे पाच महिन्यांचे हेलपाटे वाचले असते. कायम कामगाराची सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल तर दर वर्षाला १५ दिवसांचा पगार या हिशेबाने ग्रॅच्युइटी मिळते. वारस म्हणून नाव कोणाचे लावले आहे, पत्नीचे नाव बँकेच्या खात्यावर आहे काय, हे विचारा. सरकारी निवृत्तिवेतन असेल तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, याची आठवण द्या. हार दुसऱ्या दिवशी सुकतो. कागदावर लिहून दिलेला क्रमांक उपयोगी पडतो.

आणि पंधरा दिवसांनी त्याच्या घरी जा. पहिला आठवडा पाहुण्यांत जातो. नंतर मात्र सकाळी पाचला जाग येते आणि जायचे कोठे, हे कळत नाही. अशा वेळी दारात उभा राहिलेला जुना सोबती म्हणजे औषध.

मामांकडे तो पोरगा पंधरा दिवसांनी गेला होता. येताना त्याने आपल्या आईला बरोबर आणले होते. तिने मामांना जयभीम केला आणि म्हणाली, "दादा, माझं पोरगं रोज संध्याकाळी परत येतं."

वाचकहो, तुमच्या कारखान्यात, कचेरीत, डेपोत या महिनाअखेरीस कोण जाणार आहे? साहेब असेल तर त्याची तयारी झालेलीच असेल. झाडू मारणारी, पाणी भरणारी, ठेक्यावरची कोणी जाणार आहे काय, ते उद्या कामावर गेल्यावर विचारून पाहा. आणि तिला मावशी म्हणण्यापूर्वी तिचे नाव विचारून घ्या.

जयभीम.