गोधडी औषध नाही, तरीही...

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, बोलताना शब्द अडखळू लागले. रुग्णालयातून त्यांना नेरुळच्या घरी आणलं तेव्हा माझ्या हातात एक जाड फाइल होती. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, रक्तदाब किती वेळा मोजायचा, पुढची तपासणी कधी, सगळं त्यात लिहिलेलं. हे सगळं करणारी बाई झोपणार कधी, हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.

आमचं घर नवी मुंबईतल्या बहुतेक घरांसारखंच. सासरे माथाडी कामगार; मसजिद बंदरचा बाजार वाशीला आला, तसं कुटुंबही खाडी ओलांडून इकडे आलं. १९७० नंतर सिडकोने वसवलेल्या या शहरात कुणाचं गाव घाटावर, कुणाचं कोकणात. इथे मात्र दोन खोल्यांत नवरा-बायको आणि मुलं. एरवी ते सोयीचं वाटतं. आजारपण आलं, की वाटून घ्यायला माणसंच नाहीत हे लक्षात येतं.

सासूबाई पाटण तालुक्यातल्या गावाहून आल्या. आठव्या दिवशी त्यांनी माळ्यावरचं गाठोडं काढलं. जुनी लुगडी, सासऱ्यांचं धोतर, माझ्या विटलेल्या साड्या. हॉलभर पसारा झाला. मी वैतागले. "आई, आता हे कशाला काढलंत?"

"हात रिकामं ऱ्हायलं की डोस्कं नको तिकडं धावतं बघ," त्या म्हणाल्या. "बस हितं. सुईत दोरा तरी ओवून दे."

खाली धोतर, मध्ये साड्यांचे थर, वर लुगड्यांचे तुकडे. आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी थर धरून घ्यायचे, मग कडेपासून चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. बोटात अंगुस्तान घातलं तरी सुई टोचतेच. नवरा जेवून झोपला की दुपारी दोन ते तीन आम्ही दोघी त्या कापडावर बसायचो. टाका वाकडा गेला तर उसवून पुन्हा घालता यायचा. त्या दिवसांत माझ्या हातातली असं करता येण्याजोगी ती एकच गोष्ट होती.

त्या एका तासाभोवती हळूहळू बाकीचा दिवस बसत गेला. सहाला चहा आणि रक्तदाबाची नोंद, साडेसातला अंघोळ, दहाला फिजिओथेरपी, संध्याकाळी दिवाबत्तीनंतर पुन्हा व्यायाम. आजार तोच होता, पण पुढच्या तासाला काय करायचं आहे हे ठाऊक असल्याने छातीतली धडधड कमी झाली.

हे केवळ मनाचे खेळ नाहीत. काळजी घेणाऱ्या माणसाचं शरीरही त्या आजाराची किंमत मोजत असतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक छोटा पण गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची देखभाल करणाऱ्या १३ स्त्रिया आणि अशी जबाबदारी नसलेल्या साधारण त्याच वयाच्या १३ स्त्रिया. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम करण्यात आली. देखभाल करणाऱ्या स्त्रियांची जखम भरून यायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९९ मध्ये 'जामा'मध्ये आलेला अभ्यास याहून गंभीर होता. आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये, चार वर्षांच्या काळात मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला.

दिनक्रम इथे दोन प्रकारे मदत करतो. शरीराचं घड्याळ उजेड, जेवण आणि झोपेच्या ठरावीक वेळांवर चालतं. रात्री-बेरात्री उठून ते बिघडलं की चिडचिड, रक्तदाब, साखर सगळंच बिघडू लागतं. दुसरं म्हणजे, अनिश्चितता हाच ताणाचा मोठा भाग असतो. डॉक्टर उद्या काय सांगतील हे आपल्या हाती नसतं, पण सहाचा चहा असतो.

मग शिवणकामाचं काय? २०१३ मध्ये व्यवसायोपचाराच्या एका ब्रिटिश नियतकालिकात साडेतीन हजारांहून अधिक विणकाम करणाऱ्यांची पाहणी आली होती. जे जास्त वेळा विणतात, त्यांनी आपण शांत आणि आनंदी असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. पण मुळात विणकाम आवडणाऱ्यांनीच ही उत्तरं दिली होती, त्यामुळे शांतता विणकामानेच आली असं त्यातून सिद्ध होत नाही. एका लयीत चालणाऱ्या हातकामात लक्ष गुंततं आणि तेच ते विचार थोडा वेळ मागे पडतात, एवढं म्हणायला हरकत नाही. कुणाला ते तांदूळ निवडताना मिळेल, कुणाला कुंड्यांची माती उकरताना.

हातकामाचा उपचारात वापर करणारं शास्त्र आपल्याकडे रुजलं तेही मुंबईतच. मूळच्या अमेरिकन आणि लग्नानंतर निंबकरांच्या घरी आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं प्रशिक्षण सुरू केलं. रोजच्या कामांतून रुग्णाला पुन्हा रोजच्या जगण्याकडे नेणं, हा त्या शास्त्राचा गाभा. आमच्या व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी हॉलमधला पसारा पाहिला आणि नवऱ्यालाही कामाला लावलं. उजव्या हाताने चिंध्या उचलायच्या, रंगानुसार वेगळ्या करायच्या, घडी घालायची. सुई मात्र द्यायची नाही. हाताला संवेदना कमी असताना टोचलेलंही कळत नाही. सुरुवातीला चार तुकड्यांत ते थकायचे. दिवाळीपर्यंत ढीगभर घड्या व्हायला लागल्या. हात चिंध्यांमुळे सुधारला असं मी म्हणणार नाही. औषधं, नियमित व्यायाम आणि पहिल्या काही महिन्यांत मेंदू स्वतः करतो ती दुरुस्ती, सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

एवढं सांगून झाल्यावर गोधडीची दुसरी बाजूही सांगायला हवी. भेटायला येणारे म्हणायचे, "किती धीराची आहे बघा! अशातही गोधडी शिवतेय." ऐकायला बरं वाटायचं. मग चहा पिऊन ते निघून जायचे. एके सकाळी ओट्यापाशी मला भोवळ आली. माझाच रक्तदाब वाढलेला निघाला, आणि माझी गोळी मी तीन आठवडे घेतलीच नव्हती. त्या दिवशी कामाला आली ती गोधडी नव्हे. सासूबाईंनी धाकट्या लेकाला फोन लावला, "शनवार-ऐतवार तू हितं येऊन भावापाशी बस." मुलीने रात्रीची पाळी घेतली. तिसऱ्या रात्री मी सलग सात तास झोपले.

म्हणूनच माझं म्हणणं असं आहे. विरंगुळा हा काळजीवाहूचा हक्क आहे, पण तो ओझं वाटून घेण्याला पर्याय नाही. बाईने दुपारी टाके घालून मन रमवावं आणि बाकीचे तेवीस तास एकटीने ओढावेत, याला धीर म्हणून गौरवणं ही घरच्यांची पळवाट आहे. रुग्णाला घरी सोडताना डॉक्टरांनी काळजीवाहूला तीन प्रश्न विचारून उत्तरं कागदावर लिहावीत: तुम्ही किती तास झोपता? तुमची स्वतःची औषधं चालू आहेत का? तुमच्या जागी बसायला दुसरं कोण आहे? याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हातकामावर विसंबू नका. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

तुमच्या इमारतीतही असं एखादं घर असेल. रुग्णाला बघायला जाताना आपण शहाळी नेतोच. या वेळी दोन तासांची सवड काढून जा, रुग्णाजवळ बसा आणि त्या घरच्या बाईला म्हणा, "वहिनी, मी आहे इथे. तुम्ही जरा आडव्या व्हा."