‘सडक’ची महाराणी

१९९१ च्या डिसेंबरात ‘सडक’ आला. दिग्दर्शक महेश भट्ट. संजय दत्त टॅक्सीवाला, पूजा भट्ट कुंटणखान्यात अडकलेली मुलगी. रात्री झोप न लागणाऱ्या टॅक्सीवाल्याची कल्पना १९७६ च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’ या अमेरिकन चित्रपटावरून सुचलेली. पण लोकांच्या ध्यानात राहिली ती कुंटणखाना चालवणारी महाराणी. ही भूमिका केली आपल्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी.

‘अर्धसत्य’ (१९८३) मधला त्यांचा रामा शेट्टी आवाज न चढवता घाबरवत असे. महाराणी त्याच्या अगदी उलट. अंगावर साडी, दागिने आणि आवाज मात्र पुरुषी. आता लाडाने बोलेल आणि पुढच्याच क्षणी जिवावर उठेल. फिल्मफेअरने १९९२ मध्ये खलनायकासाठी वेगळे पारितोषिक सुरू केले, ते पहिल्यांदा याच भूमिकेला मिळाले.

वाचकहो, आमच्या गल्लीत भाड्याने व्हीसीआर आणून आम्ही पोरांनी हा चित्रपट पाहिला. पुढे कित्येक दिवस दुकानापुढे टाळी वाजवत तृतीयपंथी आले, की आम्ही ‘महाराणी, महाराणी’ ओरडत पळायचो. त्यातले एकजण थांबून नुसते आमच्याकडे पाहत राहिले. ती नजर अजून विसरलो नाही.

गुन्हेगारीपटाचे तंत्रच असे असते. वेगळ्या दिसणाऱ्याची भीती आपल्या मनात आधीपासून असते. दिग्दर्शक तिलाच साडी नेसवतो. मुलीला तिथवर आणणारी गरिबी, दलाल आणि पैसे मोजणारे गिऱ्हाईक मागे राहतात. शेवटी महाराणी मरते, कुंटणखाना जळतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो.

प्रत्यक्षात आग लावून प्रश्न सुटत नाही. नगरमध्ये ‘स्नेहालय’ १९८९ पासून वेश्यावस्तीतल्या स्त्रिया आणि त्यांच्या मुलांसाठी काम करत आहे. या कामाशी स्वतः अमरापूरकर जोडलेले होते. पडद्यावर कुंटणखाना चालवणारा माणूस गावाकडे त्याच मुलांच्या पाठीशी उभा राहिला, हे फार थोड्यांना माहीत आहे.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख आणि घटनेतील मूलभूत हक्क मान्य केले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला अमरापूरकर गेले.

‘सडक’ मुलांना जरूर दाखवा, अभिनय पाहण्यासारखाच आहे. मात्र उद्या दारात कोणी टाळी वाजवली, तर मुलांसमोर त्यांना ‘बसा’ म्हणा, पाणी द्या आणि नाव विचारा.