साडेचार लाखांची अडवणूक

परदेशी शिक्षण म्हणजे पन्नास लाखांची बात, असे वसई-विरारमध्ये घरोघर धरून चालतात. अमेरिका-इंग्लंडपुरते ते फारसे चूकही नाही. पण वालीवच्या एखाद्या गाळ्यात सीएनसी मशीन चालवणाऱ्याचा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला असेल, तर त्याला दुसरा एक रस्ता आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्कच नाही. अपवाद आहेत: बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता शुल्क लावले आहे. इतरत्र सत्राला शंभर ते साडेतीनशे युरो भरले की काम होते, आणि त्यात बहुधा बस-रेल्वेचा पासही येतो. आपल्याकडच्या अनेक खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांची वर्षाची फी याहून जास्त आहे.

मग पोरगे अडते कुठे? फीवर नव्हे, ठेवीवर. जर्मन व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे आधी एका गोठवलेल्या खात्यात भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांना धरला तरी बारा लाख झाले. पैसे बुडत नाहीत. तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने ते विद्यार्थ्यालाच परत मिळतात. व्हिसा नाकारला तर सगळी रक्कम माघारी येते. पण एकरकमी बारा लाख आधी उभे करावे लागतात, आणि तीस हजार पगाराच्या घरात ते कुठून येणार?

बँकेतून, असे उत्तर तयार असते. शैक्षणिक कर्जाचा साधारण नियम असा, की साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढे लागते. बारातून साडेसात गेले, उरले साडेचार. या साडेचार लाखांसाठी बँक घराचे कागद मागते, आणि इथे वालीव, सातिवली, गोखिवरेची माणसे गप्प होतात. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेली खोली बऱ्याचदा अशा चाळीत किंवा इमारतीत असते, जिला ना बांधकाम परवानगी, ना भोगवटा दाखला. नालासोपारा पूर्वेला ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीपर्यंत जमीनदोस्त झाल्या. त्यानंतर अशा कागदाकडे कोणता बँक मॅनेजर ढुंकून पाहील? त्याचाही दोष नाही. शिवाय अनेक गाळ्यांत पगाराचा काही भाग रोखीत हातावर पडतो. पगारपत्रक मागितले की बापाचे उत्पन्न कागदावर आणखी आकसते.

उरतात दोन वाटा. एक खासगी वित्तसंस्थांची, जिथे तारण नसले तरी व्याजाचा दर चढा असतो. दुसरी ओळखीपाळखीच्या सावकारीची. ‘तिथे पार्टटाइम करून फेडू’ हा एजंटांचा आवडता दिलासा आहे, पण जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवसच काम करता येते आणि भाषा येत नसेल तर तेही मिळणे कठीण. त्या कमाईत तो पोट भरेल. व्याज फेडेल, हे मानायला मी तयार नाही.

सरकारी योजना नाहीत असे मुळीच नाही. पीएम विद्यालक्ष्मी विनातारण कर्ज देते, पण ते देशातल्या निवडक संस्थांसाठी. इतर मागासवर्गीयांसाठीचे राज्याचे महामंडळ परदेशी शिक्षणाच्या वीस लाखांपर्यंतच्या कर्जाचे व्याज परत करते; मात्र त्यासाठी कर्ज आधी मंजूर व्हायला हवे. आणि राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी. ती भरघोस आहे: संपूर्ण शुल्क, विमानभाडे आणि वर अमेरिकेत गेलात तर १५,४०० डॉलर, इंग्लंडमध्ये ९,९०० पौंड निर्वाहभत्ता. ती चालू राहावी, तिच्या जागा वाढाव्यात. पण तिची अट जागतिक क्रमवारीची आहे. इंजिनिअरिंग हाताने शिकवणारी, कारखान्यांशी जोडलेली जर्मन उपयोजित विद्यापीठे त्या क्रमवारीत सहसा नसतात. म्हणजे सरकार गरीब मुलाला महागड्या विद्यापीठाचा सगळा खर्च द्यायला तयार, आणि फुकट शिकवणाऱ्या या उपयोजित विद्यापीठांसाठी एक पैसाही नाही! बँकांचेही तेच: नावाजलेल्या विद्यापीठांच्या यादीत नाव असेल तर तारणाची अट सैल होते.

ज्यांचे नाव योजनेला दिले, त्या शाहू महाराजांनी काय केले होते? बडोद्याच्या सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीची मुदत संपून बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये अर्धवट अभ्यास सोडून परतावे लागले होते. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या जोरावर. महाराजांनी मदत केली ती माणूस ओळखून. मित्रानेही घराचा सातबारा मागितला नव्हता.

आजचे मागणे त्याहून लहान आहे. राज्य सरकारने अनुदान देऊ नये, हमी द्यावी. शुल्क नसलेल्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या कोणत्याही समाजातल्या मुलाच्या गोठवलेल्या खात्यापुरते कर्ज विनातारण मिळावे, आणि साडेसात लाखांवरच्या रकमेची हमी राज्याने घ्यावी. बँकेने रक्कम थेट त्या खात्यात भरावी. व्हिसा नाकारला तर ती तिथूनच बँकेत परत यावी. ठेवीचा पैसा मुलगा परस्पर उडवू शकत नाही, महिन्याला ठरावीकच हाती येतो. इतके सुरक्षित कर्ज शैक्षणिक कर्जांत दुसरे क्वचितच सापडेल. जोखीम फक्त परतफेडीची, आणि हमी असते ती त्यासाठीच.

बहुतेक जर्मन विद्यापीठांत हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत १५ जुलैला संपते. राज्याचा अर्थसंकल्प त्याआधी मार्चमध्ये येतो. उच्च व तंत्रशिक्षण विभागाने ही तरतूद त्यातच करावी.